शेक्सपिअर अँड कंपनीत मुक्काम: तीन अटी आणि एक पान

पॅरिसच्या पाचव्या प्रभागात, ३७ रू द ला ब्यूशरी या पत्त्यावर, दिवसभर इंग्रजी पुस्तकं विकली जातात. रात्री दुकान बंद झालं की त्याच कपाटांच्या मधे काही माणसं अंथरूण घालतात. त्यांच्याकडून भाडं घेत नाहीत, तीन गोष्टी मागतात. रोज एक पुस्तक वाचायचं, रोज काही तास दुकानाच्या कामाला हात लावायचा, आणि निघण्यापूर्वी आपल्या आयुष्याबद्दल एक पान लिहून द्यायचं. अशा पाहुण्यांना तिथे ‘टंबलवीड’ म्हणतात, म्हणजे वाऱ्याबरोबर घरंगळत जाणारं वाळकं झुडूप. दुकानाच्या हिशेबाने १९५१ पासून आजवर सुमारे ३०,००० जण असे राहून गेले आहेत. आम्ही त्यांच्यापैकीच. तिथे जायचं मनात असलेल्यांना ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते ते कळावं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

आधी इतिहासातला एक गोंधळ दूर करायला हवा, कारण राहायला गेलात की हा प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार आहे. ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ नावाची दुकानं दोन. पहिलं सिल्व्हिया बीच या अमेरिकन बाईंचं. ते १९ नोव्हेंबर १९१९ रोजी ८ रू द्यूपुइत्राँ इथे उघडलं आणि १९२१ मध्ये १२ रू द लोदेऑनला हललं. समोरच, ७ क्रमांकाला, त्यांची जोडीदार आद्रिएन मोनिए हिचं फ्रेंच पुस्तकांचं दुकान होतं. हेमिंग्वे आणि जेम्स जॉइस हे लेखक जिथे येत-जात ते हे दुकान. जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये ते डिसेंबर १९४१ मध्ये बंद झालं आणि पुन्हा कधी उघडलं नाही. दुसरं जॉर्ज व्हिटमन यांचं. ते १९५१ मध्ये ‘ल मिस्त्राल’ या नावाने सुरू झालं. बीचबाई १९६२ मध्ये वारल्या. १९६४ मध्ये, शेक्सपिअरच्या चारशेव्या जन्मवर्षी, व्हिटमननी आपल्या दुकानाला त्यांच्या दुकानाचं नाव दिलं. बीचबाई या दुकानात येऊन गेल्या होत्या, त्यामुळे नाव परस्पर उचललं असं म्हणता येत नाही. मुक्काम मिळतो तो या दुसऱ्या दुकानात.

व्हिटमन १९१३ मध्ये न्यू जर्सीत जन्मले. तरुणपणी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत पायी हिंडत असताना युकातानच्या एका आडभागात ते आजारी पडले आणि तिथल्या माया लोकांनी त्यांची शुश्रूषा केली. अनोळखी माणसाला दार उघडायचं, हे त्यांनी तिथून घेतलं असं ते सांगत. युद्धानंतर माजी सैनिकांना मिळणाऱ्या शिक्षणभत्त्यावर ते सोरबॉनमध्ये शिकायला आले. हॉटेलच्या खोलीत पुस्तकं साठवून लोकांना वाचायला देऊ लागले आणि पुढे ही जागा घेतली. पहिल्या दिवसापासून पुस्तकांच्या बरोबरीने पलंग होते. वरच्या वाचनालयाच्या दारावर अजूनही रंगवलेलं आहे की अनोळखी माणसाशी रुक्षपणे वागू नका, न जाणो वेष पालटून आलेला तो देवदूत असेल. मूळ विचार बायबलमधला आहे. व्हिटमन १४ डिसेंबर २०११ रोजी, ९८ पूर्ण करून दोन दिवसांनी, दुकानाच्या वरच्याच घरात वारले. आता कारभार त्यांची मुलगी सिल्व्हिया पाहते. तिचं नावही बीचबाईंवरून ठेवलेलं.

तर विचारणा. व्हिटमन होते तोवर माणूस पाठीवर पिशवी घेऊन गल्ल्यापाशी उभा राही, दोन शब्द बोले आणि हो-नाहीचा निकाल तिथेच लागे. आता एका वेळी मोजकेच पाहुणे ठेवतात आणि विचारणारे खूप असतात, त्यामुळे आधी लिहून विचारणं शहाणपणाचं. पत्र लहान ठेवा. तुम्ही कोण, काय लिहिता किंवा वाचता, कुठल्या तारखांना पॅरिसमध्ये आहात, इतकं पुरे. तारखांमध्ये थोडी ढील दिलीत तर जागा मिळण्याची शक्यता वाढते. पुस्तक छापलेलं असण्याची अट नाही, पण लिहिण्या-वाचण्याचा खरा ध्यास आहे हे चार ओळींतून दिसलं पाहिजे. हॉटेल परवडत नाही म्हणून येतो, हे कारण सांगू नये, आणि खरंच तेवढंच कारण असेल तर जाऊही नये. ज्या पलंगावर तुम्ही झोपणार तो कुणा लिहिणाऱ्याचा हुकलेला असतो. उन्हाळ्याच्या सुटीत गर्दी जास्त, नोव्हेंबर ते फेब्रुवारी कमी. नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. पलंगच थोडे आहेत.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना मुख्य अडचण व्हिसाची. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) अल्पमुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि राहण्याच्या जागेचा पुरावाही. गाडं अडतं ते या शेवटच्या कागदावर. दुकानातला पलंग म्हणजे हॉटेलचं आरक्षण नव्हे. त्याच्या भरवशावर अर्ज करू नका. खरोखर राहता येईल अशा, रद्द करता येणाऱ्या खोलीचं आरक्षण करा, तेवढे पैसे खात्यात दाखवा, आणि पलंग मिळाल्याची खात्री झाली की मग आरक्षण कमी करा. पहिल्या दोन-तीन रात्रींची खोली तर कायम ठेवाच. अल्पमुदतीच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, हेही लक्षात असू द्या. दुकानाकडून काय अपेक्षा आहे आणि ते तुमच्या व्हिसात बसतं का, हे निघण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्या. सीमेवर कुणी विचारलं तर खरं सांगा.

सामान पाठीवर मावेल तेवढंच. ४० लिटरची पिशवी पुरते. चाकांची मोठी बॅग नेलीत तर ती ठेवायला जागा नाही, कारण दिवसा तुमचा पलंग हा गिऱ्हाइकांना बसायचा बाक असतो आणि तुमचं सगळं सामान नजरेआड जावं लागतं. पातळ स्लीपिंग बॅग किंवा चादर, कानात घालायचे बोळे, डोळ्यांवरची पट्टी, लवकर वाळणारा पंचा, रबरी चपला, लहान विजेरी आणि छोटं कुलूप जवळ ठेवा. पासपोर्ट आणि पैसे कायम अंगावर. दुकानात दिवसभर हजारो पावलं फिरतात, त्यामुळे कोपऱ्यात ठेवलेली पिशवी कुणाची हे कुणी पाहत नाही. मेणबत्ती, उदबत्ती, कॉइल असलं काही नेऊ नका. लाकडी तुळया आणि जुना कागद यांचं ते घर आहे. १९९० मध्ये वरच्या वाचनालयाला आग लागून पुष्कळ पुस्तकं गेली होती.

शार्ल द गोल विमानतळावरून आर-ई-आर ब ही उपनगरी गाडी थेट सें-मिशेल नोत्र-दामला येते. विमानतळाचं तिकीट वेगळं काढावं लागतं, २०२५ मध्ये ते १३ युरो होतं. शहरातलं साधं तिकीट त्या मार्गावर चालत नाही आणि तपासनीस दंड करतात. स्टेशनातून बाहेर पडून सेन नदी डाव्या हाताला ठेवत पूर्वेकडे पाच मिनिटं चाललं की हिरव्या लाकडी दर्शनी भागाचं दुकान दिसतं. समोर नदी, पलीकडे नोत्र-दाम. चर्चसमोरच्या फरसात एक पितळी खूण बसवली आहे. फ्रान्समधल्या रस्त्यांची अंतरं तिथून मोजतात, म्हणून दुकानाच्या शिक्क्यावर ‘किलोमीटर शून्य’ असं असतं.

शिडीसारख्या अरुंद जिन्याने वर गेलं की वाचनालय लागतं. तिथली पुस्तकं विकायची नाहीत, बसून वाचायची. तिथेच पियानो आहे, टाइपरायटर ठेवलेला कोनाडा आहे, भिंतीला लागून गादी घातलेले बाक आहेत. तेच पलंग. रुंदी एका माणसापुरती. गादी पातळ असते, म्हणून पाठीचं दुखणं असणाऱ्याने खाली घालायला एक जाड चादर न्यावी. दुकान बंद होऊन शेवटचं गिऱ्हाईक बाहेर पडेपर्यंत अंथरूण घालता येत नाही. तोवर कितीही झोप आली तरी बाहेर थांबायचं. नव्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. विमानप्रवासानंतरची पहिली रात्र इथे काढू नका असं वर सांगितलं ते याचसाठी. शेजारच्या रू द ला उशेतवर रात्री उशिरापर्यंत गजबज असते, सकाळी चर्चच्या घंटा. उघडण्याच्या बऱ्याच आधी उठून अंथरुणाची घडी, केर, सामान नजरेआड. इथे कुणीतरी झोपलं होतं हे पहिल्या गिऱ्हाइकाला कळू नये.

आता कामाबद्दल. दोन-तीन तास ऐकायला कमी वाटतात, पण ते अंगमेहनतीचे आहेत. सकाळी जुन्या पुस्तकांची खोकी आणि मांडण्या बाहेर फरसावर काढायच्या, संध्याकाळी आत घ्यायच्या. साध्या बांधणीचं पुस्तक २५० ते ३०० ग्रॅमचं असतं. चाळीस पुस्तकं म्हणजे दहा-बारा किलो. त्याहून जड खोकं एकट्याने जिन्यावरून नेऊ नये. गुडघे वाकवून उचलायचं, कमरेतून नाही. पॅरिसचा पाऊस न सांगता येतो, म्हणून मेणकापड हाताशी ठेवायचं आणि थेंब पडताच आधी ते अंथरायचं, पुस्तकं नंतर हलवायची. उलट केलं तर पहिलं खोकं आत पोचेपर्यंत बाकीची भिजतात. चकचकीत कागदाची चित्रांची पुस्तकं भिजली की पानं एकमेकांना चिकटतात आणि सुटताना छपाई सोलून येते. ती वाचत नाहीत. साध्या कागदाचं पुस्तक पानांमध्ये टिपकागद घालून उभं, थोडं उघडं ठेवलं तर बऱ्यापैकी सावरतं.

कपाटात पुस्तकं लावणं सोपं वाटतं म्हणून त्यात सगळ्यात जास्त चुका होतात. क्रम लेखकाच्या आडनावाचा. ‘फान’, ‘द’, ‘ला’ अशा जोडशब्दांनी सुरू होणारी आडनावं कुठे धरायची हे आधी विचारून घ्या. प्रत्येकाने आपल्या मताने लावली तर एकाच लेखकाची पुस्तकं तीन खणांत सापडतात. खण ठासून भरू नका. दोन बोटं सरकतील एवढी मोकळीक हवी. घट्ट भरलेल्या खणातून गिऱ्हाईक पुस्तकाला वरच्या कडेला बोट घालून ओढतं आणि पाठ तिथेच फाटते. बरोबर पद्धत म्हणजे शेजारची दोन पुस्तकं किंचित मागे ढकलून मधलं पुस्तक मध्यावर धरून काढायचं. नदीकाठच्या जुन्या दगडी भिंती ओल धरतात, म्हणून भिंत आणि पुस्तक यांच्यात बोटभर फट ठेवायची. खालच्या खणात मोठी, जड पुस्तकं. उरलेली एखाद-दोन आडवी रचायचा मोह टाळा, आडव्या थरामागे काय आहे ते महिनोन्‌महिने कुणी पाहत नाही.

गल्ल्यावर शिक्का मारतात. मधे शेक्सपिअरचं डोकं, भोवती दुकानाचं नाव. मारण्यापूर्वी विचारायचं, कारण पहिल्या आवृत्त्या जमवणाऱ्याला आत खूण नको असते. शाई ओली असताना पुस्तक मिटलं तर समोरच्या पानावर उलटा ठसा उमटतो, म्हणून मधे कागदाची चिठ्ठी घालायची. दुकानाच्या आत फोटो काढू देत नाहीत, आणि हे सांगण्याचं काम बरेचदा पाहुण्यांकडे येतं. हसून, आवाज न चढवता सांगायचं. गर्दीच्या दिवशी बाहेर रांग लागते आणि थोडे-थोडे लोक आत सोडतात. त्या वेळी दारात उभं राहणाऱ्याने आत किती आणि बाहेर किती याकडेच लक्ष ठेवावं, गप्पा नंतर. फ्रेंच घोकून पाठ करण्याची गरज नाही, पण आलेल्या प्रत्येकाला ‘बाँजूर’ म्हणायलाच हवं. त्या शहरात नमस्कार न करता एकदम कामाचं बोलणं उद्धटपणाचं मानतात.

लोक काय विचारतात हे ठरलेलं आहे: हेमिंग्वे कुठे बसायचे, आणि जॉइसची ‘युलिसिस’ कादंबरी इथेच छापली का? उत्तर नम्रपणे, पण खरं द्यायचं. ते दुकान इथून चालत पंधरा मिनिटांवर, १२ रू द लोदेऑनला होतं. आता तिथे भिंतीवर पाटी आहे. थोडा वेळ असेल तर पुढचंही सांगावं, कारण ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंड-अमेरिकेत अश्लीलतेच्या कायद्यामुळे ही कादंबरी कुणी छापेना. एकही पुस्तक प्रकाशित न केलेल्या बीचबाईंनी ती अंगावर घेतली. छपाई दिजाँच्या मोरिस दारांतिएर यांच्याकडे, इंग्रजी न जाणणाऱ्या, छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांच्या हातून. एकूण १,००० प्रती. त्यांपैकी १०० डच हातकागदावर, लेखकाच्या सहीच्या, ३५० फ्रँकच्या, १५० आर्श कागदावर, २५० फ्रँकच्या आणि ७५० साध्या, १५० फ्रँकच्या. पैसे उभे करण्यासाठी आगाऊ नोंदणी घेतली. जॉइस मुद्रितांवर, म्हणजे तपासायला आलेल्या कच्च्या छापील पानांवर, नवा मजकूर भरत राहिले. पुस्तकाचा जवळपास तिसरा हिस्सा मुद्रितांवर लिहिला गेला असं बीचबाई सांगत. मुद्रितशोधनाचं काम केलेल्या कुणालाही यातला खर्च आणि ताप सांगावा लागणार नाही. मुखपृष्ठाला ग्रीक झेंड्याचा निळा हवा होता, तोही दारांतिएरनी मिळवला. २ फेब्रुवारी १९२२ रोजी, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, पहिल्या दोन प्रती सकाळच्या गाडीने दिजाँहून आल्या आणि बीचबाईंनी त्या स्टेशनवर गार्डच्या हातून घेतल्या. हे सगळं तुम्हाला ठाऊक असेल तर रांगेत ताटकळलेला माणूसही समाधानाने जातो.

अंघोळीचं आधीच पाहून ठेवा, ती सोय दुकानात आहे असं धरून चालू नका. पॅरिस महापालिकेची सार्वजनिक स्नानगृहं आहेत, ‘बँ-दूश’ म्हणतात त्यांना, आणि २००० पासून ती सगळ्यांना मोफत आहेत. साबण आणि पंचा आपला. जवळचं म्हणजे सें-लुई बेटावर रू दे द-पाँला, पुलावरून दहा-बारा मिनिटं. प्रत्येकाचे सुटीचे वार आणि वेळा वेगळ्या असतात, महापालिकेच्या पानावर आदल्या दिवशी बघून घ्या. वेळ वीसेक मिनिटांचा मिळतो. चपला घालूनच आत जा. प्यायच्या पाण्यासाठी दुकानासमोर हिरवा वॉलेस कारंजा आहे. पाणी उत्तम, फक्त गोठू नये म्हणून हिवाळ्यात तो बंद करतात. कपडे धुवायला नाण्यांची यंत्रं गल्लोगल्ली आहेत. दोघातिघांचे कपडे एकत्र टाकले तर परवडतं.

खाण्याचा खर्च मात्र तुमचाच. दुकानाला लागून २०१५ मध्ये कॅफे निघाला आहे, तो रोजच्या जेवणाचा नव्हे. मोबेर चौकात मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी बाजार भरतो. दुपारी एकच्या पुढे भाज्या-फळं उतरत्या भावात मिळतात. एक बगेत (लांब फ्रेंच पाव), चीज, टोमॅटो आणि फळ एवढ्यावर दोघांचं दुपारचं भागतं. शाकाहारी माणसाने डबाबंद वाटाणे-हरभरे आणि आपला मसाल्याचा डबा हाताशी ठेवावा. दुकानात मात्र वास येणारं काही उघडू नये. पुस्तकांना वास धरतो आणि उंदीरही येतात.

रोज एक पुस्तक ही अट गमतीची वाटते. गंभीरपणे घेतली तर दिवसाचा आराखडाच तिच्यावर बेतावा लागतो. २०० पानांच्या कादंबरीत साधारण ६०,००० शब्द असतात. इंग्रजी ही शाळेत शिकलेली भाषा असलेला माणूस मिनिटाला १८० शब्दांच्या आसपास वाचतो, म्हणजे साडेपाच तास. कामाचे तास, अंघोळीची पायपीट, जेवण, थोडं लिहिणं वगळून एवढा सलग वेळ रोज निघत नाही. म्हणून निवड डोळसपणे करा. १२० पानांची दीर्घकथा साडेतीन तासांत होते. नाटक दोन-अडीच तासांत. कवितासंग्रह लहान दिसतो, पण त्याला दिवस द्यावा, तो धावत वाचण्यात काही हशील नाही. दोन छोट्या पुस्तकांनंतर एक मोठं, दोन दिवसांत विभागून, अशी चाल टिकते. तुमची परीक्षा घ्यायला कुणी येत नाही. पण रात्री अंथरुणं घालताना एकमेकांना ‘आज काय वाचलंस?’ हा प्रश्न असतोच आणि त्यातून निघणाऱ्या गप्पा हेच या मुक्कामाचं खरं वैभव आहे. वाचनासाठी सकाळची वेळ उत्तम. दुपारी वाचनालयात पर्यटकांची रीघ लागते, तेव्हा बाहेर पडावं. दुकानाशेजारीच रने विव्हियानी बाग आहे. तिथे १६०१ मध्ये लावलेलं म्हणतात ते रॉबिनियाचं झाड सिमेंटच्या टेकूवर उभं आहे आणि बाकं सावलीत आहेत. थंडीत पाँथेऑनजवळचं सें-जनव्हिएव्ह ग्रंथालय गाठावं. नोंदणी मोफत, ओळखपत्र लागतं.

शेवटची अट एका पानाची, आणि आमच्या मते खरं भाडं हेच. तिथे अशी हजारो पानं, फोटोंसह, जपून ठेवलेली आहेत आणि २०१६ मध्ये दुकानाने स्वतःचा इतिहास छापला तेव्हा त्यातली काही त्यात घेतली. टंबलवीड म्हणून राहिलेल्यांत ॲलन सिलिटो, केट ग्रेनव्हिल, सेबॅस्टियन बॅरी, अभिनेता ईथन हॉक अशी नावं आहेत आणि मुंबईवर कादंबरी लिहिणारे जीत थयिलही. ही नावं ऐकून माणूस दबतो आणि मग पानभर अलंकारिक मजकूर लिहितो. तसली पानं वाचवत नाहीत.

करायचं असं. पहिल्या दिवसापासून वहीत रोज दोन-चार ओळी टिपत जा, पान शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. त्या रात्री सामान बांधायचं असतं, निरोप असतात, आणि घाईत माणूस जन्मतारखेपासून नोकरीपर्यंतची जंत्री उतरवतो. टाइप केलेल्या एका मोठ्या पानात साडेचारशे ते पाचशे शब्द बसतात, हाताने लिहिलं तर अडीचशे-तीनशे. एवढ्यात आख्खं आयुष्य मावत नाही, तेव्हा दोन किंवा तीन ठिकाणं निवडा आणि तिथेच थांबा. पहिला खर्डा मराठीत लिहा. इंग्रजीत थेट लिहायला बसलं की अर्जाची भाषा हाताशी येते. मराठीत तुमचं गाव, आजीचं बोलणं, कारखान्याचा भोंगा, एस्टीचा थांबा आपोआप येतात. मग त्याचं इंग्रजी करा, पण ‘चाळ’, ‘वाडी’, ‘पडवी’ यांचं स्पष्टीकरण देत बसू नका. तिथे माणसं काय करत होती ते लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं. आपण किती वाचलं आणि कुठल्या लेखकावर किती प्रेम, हे निम्म्याहून अधिक पानांत सारखंच असतं, ते गाळा. पॅरिसची स्तुतीही गाळा. वडील काय काम करत, घरात पहिलं पुस्तक कुठून आलं, कशापासून पळ काढला, कशाकडे परत जायचं आहे, यावर लिहा. घरच्या माणसांबद्दल लिहिताना हेही लक्षात ठेवा की पान तिथेच राहणार आहे, कदाचित छापलंही जाईल. त्यांनी वाचलं तर चालेल एवढंच लिहावं. खर्डा सोबतच्या पाहुण्यापैकी कुणाला तरी वाचून दाखवा. जिथे तो वहीवरून नजर उचलून तुमच्याकडे पाहतो ती जागा ठेवा, जिथे मान हलवत राहतो ती कापा. टाइपरायटरवर उतरवायचं असेल तर दुकान बंद असतानाच, दिवसा त्या कोनाड्यावर गिऱ्हाइकांचा हक्क.

सोबतची माणसं निवडून मिळत नाहीत. आयरिश, ब्राझिलियन, ऑस्ट्रेलियन, कुणी विशीतलं, कुणी नोकरी सोडून आलेलं. भांडणं होतात ती पलंगावरून, दिवा कधी मालवायचा यावरून आणि कुणी काम टाळतं यावरून. पहिल्याच संध्याकाळी उठायची वेळ, दिवा आणि कामाच्या पाळ्या ठरवून घेतल्या तर पुढचं सगळं सुरळीत जातं. थकवा साठत जातो हेही खरं. चार-पाच रात्री अपुऱ्या झोपेवर काढल्या की वाचलेलं डोक्यात शिरत नाही आणि चिडचिड सुरू होते. त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून दुपारी बागेत सरळ झोपावं. दुकानात लेखकांची वाचनं होतात, उन्हाळ्यात बाहेरच्या फरसावर. खुर्च्या मांडणं-उचलणं आपल्याकडे येतं आणि त्या बदल्यात लेखक अगदी जवळून ऐकायला मिळतो. प्रश्न विचारायचा असेल तर एकच, आणि लहान.

या मोफत पाहुणचारामागे दुकान काही श्रीमंत नाही, हे राहणाऱ्याने विसरू नये. २०२० च्या साथीत विक्री ८० टक्क्यांनी घसरली आणि ऑक्टोबरमध्ये दुकानाने वाचकांना पुस्तकं मागवण्याचं आवाहन केलं. तेव्हा एरवी आठवड्याला शंभराच्या आसपास येणाऱ्या मागण्या एका आठवड्यात ५,००० झाल्या. म्हणून निघताना चार पुस्तकं तिथूनच विकत घ्यावीत असं आम्हाला मनापासून वाटतं. गल्ल्यावर पूर्ण किंमत द्या, राहिलो म्हणून सवलत मागू नका.

निघायच्या दिवशी चादरी धुऊन, घडी घालून परत करा. पान आणि त्याला जोडलेला फोटो ज्याच्याकडे द्यायला सांगितलं असेल त्याच्या हातात द्या, टेबलावर ठेवून जाऊ नका. पानावर तारीख, मूळ गाव आणि टिकेल असा पत्ता हवा. घेतलेली पुस्तकं विमानातून न्यायची तर दहा पुस्तकांचे तीन किलो धरा, कठीण बांधणीची असतील तर सहा. फ्रेंच टपालखात्याचा परदेशी पुस्तकांसाठीचा स्वस्त दर १ जुलै २०२५ पासून बंद झाला आहे, त्यामुळे पार्सलने पाठवणं आता पुस्तकांच्या किमतीहून महाग पडू शकतं. जड पुस्तकं हातातल्या पिशवीत तळाशी, पाठ खाली करून उभी ठेवा आणि रिकाम्या जागेत कपडे दाबून भरा, म्हणजे कोपरे दुमडत नाहीत.